विसाव्याचे दान

(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात राहाता येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या विश्वस्त संस्थेने पन्नास वर्षे अखंड कार्यरत राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे. संस्था काढावयास उत्साह पुरतो. ती टिकवावयास मात्र चिकाटी, चोख हिशेब आणि निःस्पृह माणसे लागतात. आपल्या कार्याचा यथोचित गौरव माझ्यापूर्वीच्या वक्त्यांनी केलाच आहे. मला मात्र पुढील काळासाठी एक विषय आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. विषय वरकरणी लहान वाटेल. तो आहे विसाव्याचा. हातावर पोट असलेल्या कुटुंबाच्या चार दिवसांच्या सुटीचा.

आपल्या परंपरेने आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी दानाची चार अंगे सांगितली आहेत. पहिल्या तीन दानांसाठी आपल्याकडे अन्नछत्रे, दवाखाने, शाळा व वसतिगृहे उभी राहिली. अभयदान म्हटले की आपल्या मनात प्रामुख्याने जीवदया येते, आणि ते योग्यच आहे. शास्त्रार्थ सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु सामान्य माणसाच्या बुद्धीने मी असे म्हणेन की, ज्या घरात रोज सकाळी आजची मजुरी मिळेल की नाही, भाडे थकले तर काय, मूल आजारी पडले तर काय, हीच धास्ती उशाशी असते, त्या घराला आठ दिवस त्या धास्तीवाचून जगता येणे हेही एक अभयच आहे. 'गरिबाला अन्न द्या, औषध द्या, पुस्तके द्या. सुटी कसली देता?' असा प्रश्न कोणी विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

विसाव्याचे मोल आपल्या संस्कृतीला ठाऊक नव्हते असे नाही. वर्षभर नांगराला जुंपलेल्या बैलाचा पोळा आपण साजरा करतो. आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी होते, पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवले जात नाही आणि त्याला पुरणपोळीचा घास भरविला जातो. सासुरवाशिणीसाठी माहेर होते. 'माहेरपण' या शब्दात स्त्रीच्या विश्रांतीची एक संपूर्ण व्यवस्था सामावलेली आहे. तेथे तिला पाण्याच्या खेपा नसत, तिच्या हाती आयते ताट येत असे. मुलांसाठी मामाचा गाव होता. मे महिन्याची सुटी म्हणजे मामाचा गाव हे समीकरण आपल्या पिढीला समजावून सांगावे लागत नाही. म्हणजे बैल, सासुरवाशीण आणि मूल या तिघांच्याही विसाव्याची सोय समाजाने केली होती. ती सोय गावावर आणि नातेसंबंधांवर उभी होती.

शहराने या व्यवस्थेचा पाया काढून घेतला. गिरण्यांच्या काळातील मुंबईचे उदाहरण घ्या. १९११ च्या जनगणनेच्या वेळी त्या शहरातील दोनतृतीयांशाहून अधिक लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत बाळंतपण आणि त्याच खोलीत पाळीने झोप. तरीही कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणीकामगाराला गाव होते. शिमग्याला, गणपतीला वा मे महिन्यात तो आपल्या माणसांत जाऊन येत असे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने त्याला दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्कही दिला. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील २४ व्या कलमाने विश्रांती, फावला वेळ आणि ठरावीक काळाने भरपगारी सुटी हा प्रत्येक माणसाचा हक्क असल्याचे मान्य केले.

परंतु १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या आणि त्यांबरोबर हजेरीपटही गेला, रजाही गेली. आज शहरातील वस्त्यांत राहणारा माणूस रोजंदारीवर, कंत्राटावर किंवा हातगाडीवर जगतो. तिसऱ्या पिढीचे गावातील घर पडलेले असते, वाट्याची जमीन विकलेली असते, मामाही शहरातच दुसऱ्या वस्तीत राहत असतो. मुलाच्या शाळेला सुटी लागते; परंतु जावयाचे कोठे? पत्र्याच्या खोलीत मे महिन्याची दुपार काढणे, हीच त्याची सुटी. आई चार घरची धुणीभांडी करून येते आणि पाचवे घर, म्हणजे स्वतःचे, सुरू करते.

हाच प्रश्न औद्योगिक युरोपला दीडशे वर्षांपूर्वी पडला होता. १८७६ साली झुरिच शहरातील पाद्री हर्मान वॉल्टर बिऑन यांनी गरीब वस्तीतील ६८ मुलांना आप्पेनझेलच्या डोंगराळ भागात सुटीसाठी नेले. दुसऱ्याच वर्षी, १८७७ मध्ये, लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री भागात काम करणाऱ्या बार्नेट दांपत्याने आपल्या वस्तीतील मुले खेड्यात पाठविण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील शर्मन या लहानशा गावी विलर्ड पार्सन्स नावाच्या पाद्रीने आपल्या गावकऱ्यांना विनंती केली की, न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींतील मुलांना काही दिवस आपल्या घरी ठेवून घ्या. त्या विनंतीतून 'फ्रेश एअर फंड' ही संस्था जन्मास आली. तीन देशांतील तिघांना जवळजवळ एकाच वेळी एकच गोष्ट सुचली. क्षयाने पोखरलेल्या त्या वस्त्यांत औषधाइतकीच मोकळी हवा आणि पोटभर दूध आवश्यक आहे, हे त्यांनी ओळखले होते.

या उपक्रमांविषयी पूर्ण आदर राखून एक उणीव सांगावी लागेल. सुटी मुलांना मिळाली. आई त्याच खोलीत राहिली. मूल ताजेतवाने होऊन परतले ते थकलेल्या आईच्याच कुशीत. कुटुंबाचा शिणवटा एकत्र असतो, म्हणून त्याचा विसावाही एकत्र असावा, हा विचार पुढे नेण्याचे बरेचसे श्रेय कॅथलिक धर्मभगिनींना, ज्यांना आपण 'सिस्टर' म्हणतो त्यांना, द्यावयास हवे.

फ्रान्समध्ये १८६५ साली एतियेन पेर्ने या धर्मगुरूंनी 'लिटल सिस्टर्स ऑफ द असम्प्शन' हा धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. या भगिनी पॅरिसमधील कामगारांच्या घरी जात. घरातील आई अंथरुणाला खिळली की तिची शुश्रूषा तर त्या करीतच. शिवाय तिचा स्वयंपाक, तिची झाडलोट, तिच्या मुलांची आंघोळ हे सर्व स्वतःच्या हातांनी करीत, आणि त्याचा कोणताही मोबदला घेत नसत. आईला निश्चिंतपणे पडून राहता यावे हेच तेथे औषध होते. १८९१ मध्ये हा संघ न्यूयॉर्कला पोचला आणि तेथील स्थलांतरितांच्या वस्त्यांत त्याने हेच कार्य केले.

पुढे धर्मभगिनींच्या काही संघांनी आणखी एक पाऊल टाकले. अमेरिकेत १९६५ साली सुमारे १ लाख ८० हजार धर्मभगिनी होत्या. २०१४ पर्यंत ही संख्या ५० हजारांच्या खाली आली. समुद्रकाठी, सरोवराकाठी त्यांच्या विश्रांतीसाठी वा साधनेसाठी बांधलेल्या वास्तू रिकाम्या पडू लागल्या. त्या विकून टाकणे सोपे होते, आणि अनेक वास्तू विकल्याही गेल्या. परंतु काही संघांनी उन्हाळ्यात आपली दारे शहरातील ओढग्रस्त कुटुंबांसाठी उघडली. योजना अगदी साधी. आई, वडील असल्यास वडील, आजी असल्यास आजी, सर्व मुले, असे संपूर्ण कुटुंब काही दिवस राहावयास येते. निवास आणि भोजन विनामूल्य. ज्या खोल्या एके काळी आपल्या विसाव्यासाठी होत्या, त्याच त्या भगिनी पाहुण्यांना देतात. उरलेसुरले न देता आपल्या वाट्याचे देणे, हे त्या कार्यातील मर्म आहे.

फ्रान्समधील आणखी एक उदाहरण उद्बोधक आहे. स्वतः दारिद्र्यात वाढलेले कॅथलिक धर्मगुरू जोसेफ व्रेसिन्स्की यांनी १९५७ साली पॅरिसजवळील बेघरांच्या छावणीत जी चळवळ सुरू केली, तिने झुरा डोंगरातील ला बीझ येथे गरिबांतील गरीब कुटुंबांसाठी सुटीघर चालविले. दारिद्र्यामुळे ज्यांची मुले सरकारी देखरेखीखाली अन्यत्र ठेवली गेली आहेत, अशा आईवडिलांना आपल्या मुलांसह काही दिवस एका छताखाली काढता यावेत, हे त्या घराचे एक प्रयोजन. या चळवळीच्या पाठपुराव्याने १९९८ साली फ्रान्सने सामाजिक वंचिततेविरुद्ध जो कायदा केला, त्यात संस्कृती व क्रीडा यांच्या जोडीने सर्वांना सुटीची समान संधी मिळणे हे राष्ट्रीय उद्दिष्ट म्हणून नोंदविले गेले. सुटी ही चैन नसून माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, हे एका राष्ट्राने कायद्याच्या भाषेत मान्य केले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला धर्मभगिनी नव्या नाहीत. हरेगावला १९४९ पासून भरणाऱ्या मतमाउलीच्या यात्रेस सर्व धर्मांचे लोक जातात, आणि सिस्टरांच्या शाळांत व दवाखान्यांत या परिसरातील अनेक कुटुंबांचा संबंध आलेला आहे. परंतु आजच्या विषयासाठी मला मुंबईतील एका धर्मभगिनीचे नाव घ्यावयाचे आहे. बेल्जियममध्ये जन्मलेल्या सिस्टर जीन डेव्होस १९६३ साली भारतात आल्या आणि १९८५ मध्ये त्यांनी घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ उभी केली. मुंबई हे त्यांच्या कार्याचे केंद्र राहिले. इतरांच्या घरी राबणाऱ्या बायका-मुलींना किमान वेतन, माणुसकीची वागणूक आणि आठवड्याची सुटी मिळावी, ही या चळवळीची मागणी. अशा अनेक संघटनांच्या प्रयत्नांमुळे महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयी जो करार संमत केला, त्यात आठवड्यातून सलग २४ तासांच्या विश्रांतीची तरतूद आहे. त्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिले. त्याचे अनुसमर्थन मात्र अद्याप केलेले नाही. सुटीघरे चालविणाऱ्या सिस्टर विसावा देतात, या सिस्टरांनी विसावा मागण्याचे बळ दिले. दोन्ही कार्ये एकमेकांना पूरक आहेत.

आणि आपल्या विश्वस्त संस्थांची परंपरा? तीही लहान नाही. नाशिकजवळील देवळालीला आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. तेथील कोरड्या, निरोगी हवेमुळे जैन, पारशी, गुजराती, कच्छी अशा विविध समाजांच्या विश्वस्त निधींनी आरोग्यभवने, म्हणजे ज्यांना आपण सरसकट 'सॅनिटोरियम' म्हणतो ती, उभारली. मुंबईचे कुटुंब नाममात्र शुल्क भरून तेथे हवापालटासाठी येई. आजारातून उठलेला माणूस बरा होई, मुलांना मोकळे अंगण मिळे. परदेशातील सुटीघरांचे हे आपले भावंडच आहे.

तथापि दोन गोष्टी प्रांजळपणे पाहावयास हव्यात. पहिली अशी की, बहुतेक ठिकाणी ही सोय आपापल्या समाजापुरती राहिली. दात्याने आपल्या ज्ञातिबांधवांसाठी दिलेल्या निधीचा हेतू विश्वस्तांना पाळावाच लागतो, हे मी जाणतो. परंतु त्यामुळे ज्याला समाजाचा आधार नाही, तो दाराबाहेरच राहिला. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. देवळालीला गेलेल्या कुटुंबाला खोली मिळे, भांडी मिळत; स्वयंपाक मात्र घरच्या स्त्रीनेच करावयाचा. हवा पालटली, चूल पालटली, चुलीपुढचे माणूस तेच राहिले. धर्मभगिनींच्या सुटीघरात आईला आयते ताट मिळते. त्या ताटात खरा विसावा आहे.

येथेच मला आपल्या संस्थांचे सामर्थ्य दिसते. जैन तीर्थक्षेत्री धर्मशाळेच्या शेजारी भोजनशाळा असते. वेळेवर, शुद्ध, सात्त्विक भोजन पंगतीत बसवून वाढण्याची शिस्त आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. खोली आहे, पंगत आहे, वाढणारे हात आहेत. प्रश्न फक्त पाहुणा कोणाला म्हणावयाचे, एवढाच आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी नम्र सूचना अशी : सुवर्णमहोत्सवी वर्षापासून आपल्या वास्तूतील निदान चार खोल्या वर्षातून काही आठवडे अशा कुटुंबांसाठी राखून ठेवाव्यात. यातील अडचणींची मला जाणीव आहे. शिर्डी आपल्या शेजारी आहे. सुट्यांच्या काळात भाविकांची गर्दी असते आणि त्याच काळात खोल्यांपासून संस्थेस उत्पन्न मिळते. मुलांच्या सुट्याही त्याच काळात. म्हणजे हे दान रिकाम्या खोलीचे असणार नाही. मिळणारे भाडे सोडून द्यावे लागेल. शिवाय राहात्याचा मे महिना काही थंड हवेचा नव्हे. परंतु दिवाळीच्या सुटीत पाऊस ओसरलेला असतो, गोदावरीच्या कालव्याला पाणी असते, पेरूच्या बागा धरू लागलेल्या असतात. खोलीच्या दारातून आभाळ न दिसणाऱ्या मुलाला एवढे पुष्कळ आहे.

योजना करताना चार पथ्ये पाळावीत असे मला वाटते. कुटुंब संपूर्ण यावे आणि त्यातील स्त्रीने चुलीला हात लावू नये. धर्म, जात वा व्याख्यान ऐकण्याची कोणतीही अट नसावी. भोजनशाळेचे नियम पाहुण्याला आधी सांगावेत, एवढेच. छायाचित्र काढू नये, फलकावर नाव लावू नये. पाहुण्याला आपण उपकृत आहोत असे वाटले तर त्याचा विसावा तेथेच संपतो. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे पथ्य : येण्याजाण्याचे भाडे व बुडालेल्या मजुरीचा काही भाग संस्थेने द्यावा. रोजंदारीवरील माणसाला खोलीचे भाडे परवडत नाही हे खरेच. परंतु आठ दिवसांचा रोज बुडविणे त्याहून परवडत नाही. हा खर्च हिशेबात धरला नाही, तर आपली दारे उघडी राहतील आणि पाहुणा येणार नाही.

शहरातील कुटुंबाविषयी बोलत असताना आपल्या दाराशी असलेल्या माणसांना विसरून चालणार नाही. महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली याच तालुक्यात प्रवरानगरला सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या कर्तृत्वाचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण या साऱ्या पट्ट्यातील ऊस तोडावयास दर हंगामात जे हात येतात, त्यांच्या हिशेबात विश्रांतीला जागा नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस घरी राहिले तर खाडा धरला जातो, मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. याची कारणे अनेक आहेत. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही हे त्यांतील एक. विसावा ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने हा आकडा पाहावा. दिवसभराची विश्रांती न मिळाल्याची किंमत माणूस शरीराच्या अवयवाने चुकवितो. हंगाम संपवून बैलगाड्या नि ट्रॅक्टर परतीच्या वाटेला लागतात, तेव्हा त्यांतील काही कुटुंबांना चार दिवस आपल्या भोजनशाळेत पाहुणे म्हणून ठेवून घेता आले, तर त्यासारखे औचित्य नाही.

थकल्या-भागल्या जनावराकडून काम न घेता त्याला शेवटपर्यंत सांभाळणारी पांजरापोळ ही आपल्या समाजाने जगाला दिलेली मोठी देणगी आहे. ज्या अंतःकरणातून ती निर्माण झाली, त्याच अंतःकरणातून थकलेल्या माणसासाठी चार खोल्या सहज निघतील, असा माझा विश्वास आहे.

मात्र संस्थेने ठराव करण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. या सभागृहातील अनेक घरांत धुण्याभांड्याला बाई येते, दुकानात नोकर आहे, शेतावर गडी आहे. त्यांना आठवड्यातून एक दिवस आणि वर्षातून आठ दिवस मजुरी न कापता सुटी देणे, एवढे प्रत्येकाच्या हाती आहे. ते केल्यावाचून संस्थेची योजना पूर्ण होणार नाही. कारण पाहुण्याला सुटीच मिळाली नाही, तर तो आपल्या चार खोल्यांपर्यंत पोचणार कसा? माझी विनंती एवढीच की, पुढील विश्वस्त सभेत या विषयावर चर्चा व्हावी आणि तिच्या आधी प्रत्येकाने आपल्या घरी व्हावी.